बाभुळदऱ्याच्या रक्ताचा जबाब

पाथर्डीत सरवरी शेखला लोक ओळखायचे ते तिच्या हातच्या ब्लाउजमुळं. काखेत ओढत नाही, पाठीवर फुगत नाही, अशी त्याची ख्याती. बाजारतळामागच्या बोळात तिचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे दुकान. ही बाई बारावी सायन्स आहे आणि जीवशास्त्रात तिला शंभरात एक्क्याण्णव मार्क पडले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. पुढं शिकायचं मनात होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि ते मनातच राहिलं. नवरा दिलावर पाथर्डी-तिसगाव जीप चालवतो. माणूस भला. टीव्हीवर डॉक्टर बोलायला लागले की सरवरी मशीन थांबवून ऐकत बसते, हे तो वीस वर्षं बघत आला होता, पण त्यावर कधी काही बोलला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संशोधन संस्थेची गाडी तालुक्यात फिरायला लागली. दसरा झाला की इकडची गावंच्या गावं ऊस तोडायला जातात आणि चैत्रात परततात. उन्हातान्हात राबणाऱ्या या माणसांच्या मूत्रपिंडांवर, म्हणजे किडन्यांवर, काय परिणाम होतो ते त्या संस्थेला शोधायचं होतं. जाण्याआधी एकदा रक्त-लघवी घ्यायची, परत आल्यावर पुन्हा घ्यायची, आणि दोन्ही ताडून बघायची. त्यासाठी त्यांना इथली बोली बोलणारी, थोडं सायन्स कळणारी बाई हवी होती. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई सरवरीकडं ब्लाउज शिवायच्या. त्यांनी तिचं नाव सुचवलं. 'क्षेत्र सहाय्यक' असं पद मिळालं आणि गळ्यात घालायला ओळखपत्र. घरच्या आरशापुढं सरवरीनं ते दोनदा घालून पाहिलं.

पहिलं गाव बाभुळदरा, डोंगराच्या कुशीतली वाडी. शाळेच्या पडवीत सतरंज्या टाकलेल्या, एकशे अठरा माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि सरवरीच्या हातात अकरा पानांचं संमतिपत्र. संस्थेकडून आलेली ज्ञानेश्वरी नावाची तरुण मुलगी तिथंच काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. ती याच विषयावर पीएच.डी. करत होती. ती म्हणाली, "ताई, हे मोठ्यानं वाचा आणि खाली सह्या नाहीतर अंगठे घ्या. एवढंच काम."

सरवरी वाचायला लागली. 'सहभागींचे जैवनमुने अनामिकीकृत स्वरूपात संग्रहित करण्यात येतील...'

दुसऱ्या पानालाच पुढं बसलेल्या एका बाईनं हात वर केला. ती मुक्ताबाई. चाळिशीची, वाळक्या अंगाची, आणि वाडीत सगळ्यात फटकळ. ती आणि तिचा नवरा भीमा अठरा वर्षं जोडीनं ऊस तोडत होते.

"भाभी, आमचं रगात घेनार असं ह्यात कुठं लिव्हलंय?"

"हे काय, इथंच. जैवनमुने म्हणजे रक्त आणि लघवी."

"मंग रगात म्हनायला काय झालतं त्याला?"

पडवी हसली. सरवरीला मात्र कानकोंडं झालं. दोन पानं आपणच तोंडानं वाचली आणि समोरच्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, हे तिला मुक्ताबाईनं विचारेपर्यंत सुचलंच नव्हतं. तिनं कागद मिटला आणि बोलायला लागली. रक्त किती घेणार, कशाला घेणार, नाही दिलं तरी कुणी काही करणार नाही, नळीवर नावाऐवजी आकडा घालतील. सगळं साध्या शब्दांत सांगितलं. अर्धा-पाऊण तास गेला. ज्ञानेश्वरीनं दोनदा घड्याळ पाहिलं.

शेवटी मुक्ताबाईनं विचारलं, "आमच्या रगतात काय घावलं, ते आमाला कळंल का?"

सातव्या पानावर लिहिलं होतं, 'निष्कर्ष योग्य त्या माध्यमातून प्रसिद्ध केले जातील.' ते वाक्य सरवरीच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं ते वाचलं नाही. म्हणाली, "कळंल. मी स्वतः येऊन सांगेन. जबान देते."

मग एकेक हात पुढं यायला लागला.

चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, दुसऱ्यांदा रक्त झालं, आणि संस्थेची गाडी गेली ती गेलीच. सरवरी महिन्याकाठी ज्ञानेश्वरीला फोन करायची. "अजून विश्लेषण चालू आहे, ताई," असं उत्तर यायचं. दिवाळी गेली, टोळ्या पुन्हा जाऊन पुन्हा आल्या. बाजारच्या दिवशी बाभुळदऱ्याच्या बाया दुकानावरून जाताना नुसतं बघायच्या. मुक्ताबाई बघून थांबणारी नव्हती. ती दारातूनच ओरडायची, "भाभी, आमचं रगात वाळलं का वलं हाय?"

जवळजवळ दीड वर्षानं श्रावणात ज्ञानेश्वरीचा आनंदानं फोन आला. निबंध छापून आला होता, परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात.

"मग गावाला कधी सांगायचं?" सरवरीनं विचारलं.

"ताई, तसं ठरलेलं नाही. अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर टाकणार आहेत. लिमये सर म्हणतात, लोकांना ते समजणार नाही, उगीच घबराट होईल."

डॉ. अमृत लिमये म्हणजे या सगळ्या कामाचे प्रमुख. सरवरीनं त्यांना एकदाच लांबून पाहिलं होतं.

"मला तरी पाठव," ती म्हणाली.

चौदा पानं मोबाईलवर आली. दिलावरनं ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. सरवरीनं ट्रंकेतून बारावीचं पुस्तक काढलं, शेजारणीकडून इंग्रजी-मराठी शब्दकोश मागून आणला, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना मशीनच्या फळीवर कागद पसरून बसली. पहिलं पान सुटायला चार दिवस गेले. एकेका शब्दाखाली पेन्सिलीनं अर्थ लिहायचा, आणि सगळे अर्थ जोडले तरी वाक्य लागायचं नाही. दोनदा तिनं कागद गुंडाळून ठेवले. गौरी-गणपतीचे सोळा ब्लाउज अडकले. दिलावर म्हणाला, "एवढा जीव काढून करायचं काय? तुला कोण विचारणार आहे?"

"मुक्ताबाई विचारते," सरवरी म्हणाली. "दर आठवड्याला विचारते."

तिसऱ्या आठवड्यात गाठ सुटायला लागली. बाभुळदऱ्याच्या परत आलेल्या एकशे अठरांतल्या एकवीस जणांच्या रक्तात क्रिएटिनिन नावाची एक गोष्ट वाढलेली होती. पाणी कमी पिणाऱ्यांत आणि अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत ती जास्त दिसली होती. सरवरी तशीच उठली, दिलावरच्या जीपमध्ये बसली आणि बाभुळदऱ्याला गेली.

तिथं तिनं केलं ते घाईनं केलं. पडवीत उभं राहून ती म्हणाली, "किडनी म्हणजे आपल्या पोटातली गाळणी. रक्तातली घाण गाळते. तुमच्यातल्या एकवीस जणांची गाळणी खराब झालीय."

"कोनत्या एकवीस?" भीमानं विचारलं. त्याचे पाय अलीकडं सुजायचे.

"नावं नाहीत त्यात. नुसते आकडे आहेत."

"गाळनी फाटली तर नवी आनावी लागती," मुक्ताबाई म्हणाली. "ही कुठं मिळायची?"

माणसं एकेक करून उठून गेली, आणि त्या रात्री प्रत्येक घरात एकविसातलं एक माणूस झोपलं.

आठ दिवसांनी बातमी आली, की बनुबाई रानात चक्कर येऊन पडली. बनुबाई साठीला आलेली, एकटी राहणारी विधवा, अजून टोळीबरोबर तोडीला जाणारी. तिनं मनाशी धरलं होतं की आपली गाळणी फाटली. कुणीतरी सांगितलं, मीठ सोड, डाळ सोड. तिनं मीठही सोडलं, डाळही सोडली, आणि गाळणीला त्रास नको म्हणून पाणीसुद्धा घोटघोट प्यायला लागली होती.

सरवरीनं ज्ञानेश्वरीला फोन लावला. सगळं ऐकून ती पोरगी कळवळली. "ताई, खराब झाली असं आम्ही कुठंच लिहिलेलं नाही. वाढली एवढंच लिहिलंय. शरीरात पाणी कमी पडलं तरी तो आकडा तात्पुरता चढतो, आणि नीट पाणी प्यायल्यावर उतरतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावरच नक्की कळतं."

"मग तुम्ही तपासलं का तीन महिन्यांनी?"

"...नाही. तेवढा निधी नव्हता."

"म्हणजे मी अर्धं सांगितलं, आणि तुम्ही अर्धं शोधलं," सरवरी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाभुळदऱ्याला गेली. आधी बनुबाईकडं. तिच्या हाताला धरून म्हणाली, "मावशी, चूक माझी. मला जेवढं कळलं त्यापेक्षा जास्त बोलले मी." मग पडवीत सगळ्यांपुढंही तेच म्हणाली. पुढचं सांगायला गेली आणि तिथंच अडली. आकडा वाढला म्हणजे बिघाड झालाच असं नाही, हे गाळणीच्या हिशेबात बसेना. गाळणी एक तर धड असते, नाहीतर फाटलेली.

"तुमची गाळनी सोडा," मुक्ताबाई म्हणाली. "ती घान येती कुठनं, ते सांगा आदी."

"काम केल्यानं. शरीर राबलं की आत कचरा तयार होतो. रोज होतो. किडनी तो रोज बाहेर टाकते."

भीमा भिंतीला टेकून बसला होता. तो सावकाश म्हणाला, "म्हंजी फडातल्या मोळ्यांगत. आपुन रोज तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आन ट्रॅक्टरनं त्या रोज वडून न्यायच्या."

सरवरी त्याच्याकडं वळली. "पुढं बोल, भीमाभाऊ."

"एक दिस ट्रॅक्टर न्हाई आला, तर मोळ्या फडातच पडत्यात. ढीग लागतो."

"तो ढीग म्हणजे क्रिएटिनिन!" सरवरी जवळजवळ ओरडली. "रक्त तपासतात म्हणजे ढीग मोजतात. ढीग वाढला म्हणजे ट्रॅक्टर मागं पडलाय. पण का मागं पडला?"

"डिझेल सपलं आसंल," मुक्ताबाई म्हणाली. "न्हाईतर इंजिन गेलं आसंल."

"नुसता ढीग बघून सांगता येईल का, दोन्हीतलं काय ते?"

"कसं येनार? डिझेल घालून बघाया पायजे."

"पाणी म्हणजे डिझेल," सरवरी म्हणाली. "पाणी पिऊन तीन महिन्यांनी पुन्हा ढीग मोजायचा. उतरला तर इंजिन शाबूत. नाही उतरला तर डॉक्टर."

बनुबाई पहिल्यांदाच बोलली. "मंग माजं इंजिन गेलं आसंच काई न्हाई?"

"माहीत नाही, मावशी. मलाही माहीत नाही, आणि पुण्यालाही माहीत नाही. मोजलंच नाही कुणी."

आश्चर्य म्हणजे 'माहीत नाही' ऐकून बनुबाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याच जागी ती तांब्याभर पाणी मागून प्यायली.

ही गोष्ट राधाकृष्ण मुकादमाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा माणूस. निघताना तो दर कुटुंबाला अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं वाटायचा. गोळी खाल्ली की माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे उठतो. त्याला पाणी, सावली, गोळ्या असले विषय वाडीत नको होते. बनुबाई पडल्याचं निमित्त त्याला पुरलं. त्यानं संस्थेला फोन करून सांगितलं, की तुमची ब्लाउज शिवणारी बाई इथं डॉक्टरकी करतेय आणि माणसं आजारी पाडतेय.

संध्याकाळी खुद्द लिमयेंचा फोन आला. "शेखबाई, निकाल सांगणं तुमचं काम नाही. तुम्ही प्रशिक्षित नाही. एका बाईला तुमच्यामुळं त्रास झाला."

"झाला," सरवरी म्हणाली. "आणि मी तिच्या दारात जाऊन कबूल केलं. तुम्ही प्रशिक्षित माणूस पाठवा, सर. मी त्याला खुर्ची टाकून देते, पाणी देते, गप्प बसून ऐकते. पण दीड वर्षात तो आला नाही. मग मी गेले."

"पुढच्या महिन्यात आपली तिसरी फेरी आहे. त्यात काही गडबड झाली तर मला वेगळा विचार करावा लागेल."

"करा," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. दिलावर दारात उभा होता. तिच्या हुशारीबद्दल वीस वर्षं न बोललेला माणूस त्या दिवशी बोलला. "तू बोलत होतीस तेव्हा मला वाटलं, मी कुणा वकिलिणीशी निकाह लावलाय." सरवरी रडत रडत हसली.

तिसऱ्या फेरीला लिमये स्वतः आले. पांढरी व्हॅन, दोन तंत्रज्ञ, ज्ञानेश्वरी, बर्फाची पेटी. पडवीत माणसं नेहमीसारखी जमली, पण टेबलाकडं कुणी सरकेना. तंत्रज्ञानं पहिलं नाव पुकारलं. दुसरं पुकारलं. कुणी उठलं नाही.

मुक्ताबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. ती म्हणाली, "साहेब, आदी मागल्या रगताचा जबाब द्या. मंग नवं घ्या."

लिमये सरवरीकडं वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

मुक्ताबाईचं डोकं मुक्ताबाईचं होतं, तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी सरवरी म्हणाली, "शिकवायला हवं होतं. उशीर झाला."

लिमये वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं त्यांनी किडनी सोडून दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांना दारातच असं अडवलंही नव्हतं. ते उभे राहिले आणि समजावायला लागले. गाळण-दर, सरासरी, सांख्यिकीय महत्त्व. कपाळावर घाम आला. पाच-सात मिनिटांनी मागून बनुबाई म्हणाली, "साहेब, मराठीत बोला की." सगळी पडवी हसली, आणि काय झालं कुणास ठाऊक, लिमयेही हसले. खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा मग. मी ऐकतो. चुकलं तर थांबवतो."

सरवरीनं मोळ्या, ढीग, ट्रॅक्टर, डिझेल सगळं मांडलं. भीमानं मध्येच भर घातली. अंगदुखीच्या गोळीचा विषय निघाला तेव्हा ती थबकली, कारण ते तिला अजून नीट मांडता येत नव्हतं. लिमये म्हणाले, "आधीच डिझेल कमी, त्यात कुणी नळी चिमटीत धरली तर? पाणी कमी असताना ती गोळी तसं करते. किडनीकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळते." पडवीतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. रोज एक, कधी दोन, असा सगळ्यांचाच हिशेब होता.

"आन हे सगळं उसामुळंच होतंय का?" भीमानं विचारलं.

"तसं दिसतंय," लिमये म्हणाले, "पण सिद्ध झालेलं नाही. आम्ही दोनदाच मोजलं. खरं तर एकदा आणखी मोजायला हवं होतं."

"तुमी आमाला इचारलं, पानी किती पेता," मुक्ताबाई म्हणाली. "का पेत न्हाई, ते न्हाई इचारलं."

"का पीत नाही?"

"फडात बाईनं जायचं कुठं? चारी बाजूनं गडी मान्सं. सकाळी पोट रिकामं करायचं, ते रातीला. मंग दिसभर पानी कशाला पेनार कुनी? तान लागली तर व्हट वले करायचे."

लिमयेंनी ज्ञानेश्वरीकडं पाहिलं. तिच्या हातात तेवीस प्रश्नांचा छापील फॉर्म होता. तिनं मागची कोरी बाजू उलटली, पेन काढलं आणि मुक्ताबाईचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. सरवरी खांद्यावरून बघत होती. 'व्हट वले' असंच लिहिलं होतं, 'ओठ ओले' असं सुधारलेलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत अटी ठरल्या. प्रत्येकाचा आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात द्यायचा. चैत्रात आणि मग आषाढात, अशी दोनदा तपासणी करायची. निधी कुठून आणायचा ते संस्थेनं बघायचं. संमतिपत्र दोन पानांचं होईल आणि ते आधी बाभुळदऱ्यात वाचलं जाईल. लिमयेंनी हे सगळं कागदावर लिहून सही केली. मुक्ताबाईनं तो कागद सरवरीकडून दोनदा वाचून घेतला, आणि मगच बाही वर सारली.

आषाढातले आकडे आले तेव्हा चैत्रात वाढलेल्या एकोणीस जणांपैकी तेरा जणांचे उतरले होते. बनुबाईचा कधीच वाढलेला नव्हता. सहा जणांचे तसेच राहिले, आणि त्यात भीमा होता. त्याची चिठ्ठी द्यायला सरवरी स्वतः गेली. भीमानं आकडा पाहिला आणि म्हणाला, "माजं इंजिनच हाय म्हना की, भाभी." ती खोटं बोलली नाही. लिमयेंनी सांगितलेलं तेवढंच सांगितलं: गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं सांभाळता येईल. त्याचे नगरला उपचार सुरू झाले, ऊसतोड सुटली, घरी चार शेळ्या आल्या. चौथ्या दिवशी मुक्ताबाई दुकानात आली आणि म्हणाली, "पैल्याच साली सांगितलं आसतं, तर कमी गोळ्या खाल्ल्या आसत्या त्यानं." सरवरीनं मान खाली घातली नाही आणि वाद घातला नाही. तिनं मुक्ताबाईला आपल्याजवळ बसवून घेतलं.

त्यानंतर संस्थेकडून पत्र आलं. पुढच्या टप्प्यासाठी पदवीधर सहाय्यक घेणार असल्यानं श्रीमती शेख यांची सेवा संपुष्टात येत आहे, त्यांच्या योगदानाबद्दल आभार. ज्ञानेश्वरी फोनवर रडली. तिनं नव्या निबंधात सरवरी आणि मुक्ताबाई दोघींची नावं घालायचा हट्ट धरला होता. शेवटी आभारांत एका ओळीत ती छापली गेली. सरवरी म्हणाली, "रडू नकोस. पगार गेला, तोंड गेलं नाही माझं."

यंदा दसऱ्यानंतर बाभुळदऱ्याच्या टोळीचे ट्रक लागायच्या आदल्या दिवशी राधाकृष्ण मुकादम दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"उद्या वाडीत यायचं नाही, भाभी. आता तुम्ही संस्थेच्या कुणी नाही."

"मग तर कुणाला विचारायचंही राहिलं नाही," सरवरी म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

सकाळी ती एस.टी.नं फाट्यावर उतरली आणि चालत वाडीत गेली. ट्रकमध्ये भांडी, कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू, कोंबड्यांची खुराडी चढत होती. ती शाळेच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, हातात कागद नव्हता.

"बायांनो, पाच मिनिटं," ती म्हणाली.

मुकादमानं ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. सरवरी थांबली. हॉर्न थांबला तशी बोलायला लागली. "गोळी उपाशीपोटी आणि बिनपाण्याची घ्यायची नाही. रोज तर नाहीच." पुन्हा हॉर्न. पुन्हा ती थांबली, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर राग नाही काही नाही. ट्रकच्या फळीवर एक पाय ठेवलेली मुक्ताबाई खाली उतरली. तिच्यामागं, भीमाच्या जागी यंदा तिच्या जोडीला आलेली भावजय उतरली. मग बनुबाई काठी टेकत पुढं आली. ती यंदा जाणार नव्हती, निरोप द्यायला आली होती. बघता बघता तीस-पस्तीस बाया ट्रककडं पाठ करून पायरीसमोर उभ्या राहिल्या.

"राधाकृष्णभाऊ," मुक्ताबाई मागं न बघता म्हणाली, "तुमचा हारन झाला की सांगा. आमाला घाई न्हाई."

ड्रायव्हरनं मुकादमाकडं पाहिलं. मुकादमानं दुसरीकडं पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला.

"फडात पोचल्यावर पहिलं काम," सरवरी म्हणाली, "चार बांबू आणि जुनं लुगडं. आडोसा. पुरुषांनी बांधायचा. तोवर कोयत्याला हात लावायचा नाही. आडोसा असला तर पाणी प्याल, आणि पाणी प्याल तर पुढचं सगळं सांगायची मला गरज नाही. काही विचारायचंय?"

"लई," मुक्ताबाई म्हणाली आणि तिथंच मातीत बसली. बाकीच्या बायाही बसल्या.